धाहरानची पॅट्रियट बॅटरी: बग सापडला होता, पॅच तयार होता, तरी २८ जण गेले

लष्कराचं आधुनिकीकरण आणि आयटी हा विषय निघाला की गाडी लगेच ड्रोन, सॅटेलाइट, एआय, सायबर यांवर घसरते आणि नवीन काय काय घ्यायला पाहिजे याची यादी सुरू होते. मला त्या यादीत फारसा रस नाही. कॉम्प्युटर एकदा लष्कराच्या हातात पडला की पुढे त्याचं काय होतं यात मला जास्त रस आहे, म्हणजे त्यात चूक निघाली तर ती आधी कुणाला कळते, दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात, आणि ती दुरुस्ती वाळवंटात रडारच्या गाडीत बसलेल्या माणसापर्यंत कशी पोचते. या प्रश्नांसाठी १९९१ च्या आखाती युद्धातलं धाहरानचं प्रकरण मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण त्यात गुपित असं फार काही उरलेलं नाही. अमेरिकन काँग्रेससाठी हिशेब तपासणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने, म्हणजे गाओने, १९९२ च्या फेब्रुवारीत तारखांसकट सगळं मांडून ठेवलंय.

आधी काय घडलं ते सांगतो.

२५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबिया. जमिनीवरची लढाई सुरू होऊन दुसराच दिवस होता. रात्री साडेआठच्या पुढे इराकने सोडलेलं एक स्कड, म्हणजे लांब पल्ल्याचं बॅलिस्टिक मिसाइल, धाहरानच्या दिशेने आलं आणि अल खोबरला एका गोदामावर पडलं, ज्याची अमेरिकन सैन्याने तात्पुरती बराक केली होती. २८ सैनिक ठार, शंभरच्या आसपास जखमी. सगळ्यात जास्त फटका १४ व्या क्वार्टरमास्टर डिटॅचमेंटला बसला, ही पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गची राखीव दलातली छोटी तुकडी, ६९ जणांची, काम काय तर पाणी शुद्ध करून पुरवणं. त्यातले १३ त्या रात्री गेले. सौदीत येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता.

आता धाहरानचा विमानतळ आणि बंदर सांभाळायला तिथे सहा पॅट्रियट बॅटरी होत्या (पॅट्रियट म्हणजे येणारं विमान किंवा मिसाइल हवेतच पाडायची अमेरिकन सिस्टिम, आणि बॅटरी म्हणजे रडार, कॉम्प्युटर आणि लाँचर मिळून तिची एक तुकडी), आणि विमानतळाची जबाबदारी होती अल्फा बॅटरीवर. त्या रात्री अल्फा बॅटरी बंद नव्हती, माणसं झोपलेली नव्हती, रडार फिट, लाँचरवर मिसाइल भरलेली. तरी एकही मिसाइल सुटलं नाही. सुटलं आणि चुकलं असं नाही, सुटलंच नाही, कारण बॅटरीच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने आकाशात त्या जागी काही नव्हतंच. आणि तो हिशेब चुकायचं कारण इतकंच की कॉम्प्युटर शंभर तासांपेक्षा जास्त वेळ सलग चालू होता.

यंत्र बनवलं एकासाठी, वापरलं दुसऱ्यासाठी

पॅट्रियटचं डिझाइन मूळ युरोपसाठीचं. समोर सोव्हिएत विमानं आणि क्रूझ मिसाइल, वेग साधारण आवाजाच्या दुप्पट, आणि शत्रूला पत्ता लागू नये म्हणून बॅटरीने एका ठिकाणी काही तास थांबायचं, मग सामान आवरून दुसरीकडे जायचं, असा सगळा विचार. त्यामुळे कॉम्प्युटर सलग किती तास चालेल हा प्रश्न डिझाइन करणाऱ्यांपुढे फारसा आलाच नाही, काही तासांनी तो आपोआप बंद होणारच होता ना. आणि तो कॉम्प्युटरही १९७० च्या दशकातल्या डिझाइनचा, २४ बिटच्या रजिस्टरवर, म्हणजे आकडे ठेवायच्या छोट्या कप्प्यांवर, चालणारा.

मग १९८० च्या दशकाच्या शेवटी ठरलं की याच सिस्टिमला बॅलिस्टिक मिसाइल पाडायलाही शिकवू. तसं ठरवण्यात काही गैर नाही, उलट सॉफ्टवेअर बदलून जुन्या हत्याराला नवीन काम देता येतं हाच तर आयटीचा मोठा फायदा, नवीन रडार नवीन ट्रक नवीन लाँचर काही न घेता ताकद वाढते. पण आखातात आल्यावर तीन गोष्टी एकदम बदलल्या. समोरची वस्तू आवाजाच्या पाचपट वेगाची झाली. बॅटरी फिरती न राहता एका जागी ठाण मांडून बसली, कारण विमानतळ काही हलत नाही. आणि स्कड कधी येईल याचा नेम नसल्यामुळे सिस्टिम दिवसरात्र चालू ठेवायला लागली.

पहिल्या बदलाकडे सगळ्यांचं लक्ष होतं, नवीन मिसाइल, नवीन फ्यूज, सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा, सगळं झालं. तिसऱ्या बदलाकडे कुणाचं गेलं नाही कारण ती कुठल्या कागदावर लिहिण्यासारखी 'गरज' नव्हतीच, ती फक्त वापरायची सवय होती. माझ्या मते या प्रकरणातली पहिली शिकण्यासारखी जागा ही आहे, हत्याराचं काम बदललं की शत्रू कोण एवढंच परत लिहून भागत नाही, आपली माणसं ते यंत्र दिवसभर कसं वापरणार तेही नव्याने लिहावं लागतं आणि ते लिहायची जबाबदारी सहसा कुणाचीच नसते.

चूक नेमकी कुठे होती

हे जरा सावकाश वाचा, अवघड काही नाही.

रडारला आकाशात काहीतरी दिसलं की पॅट्रियट लगेच मिसाइल सोडत नाही. आधी तो बघतो की ही वस्तू खरंच स्कडसारखी वागते का. त्यासाठी कॉम्प्युटर हिशेब करतो, की ही वस्तू आत्ता इथे दिसली, वेग इतका, म्हणजे पुढच्या खेपेला ती अमुक जागी दिसायला पाहिजे. त्या जागेभोवती तो एक चौकट आखतो, तिला रेंज गेट म्हणतात, आणि पुढच्या खेपेला रडार फक्त त्या चौकटीत बघतं. तिथे वस्तू सापडली तर स्कड पक्कं, पुढची कारवाई चालू. नाही सापडली तर आधी दिसलेलं काहीतरी भलतंच होतं असं समजून विषय बंद.

या हिशेबाला दोन गोष्टी लागतात, वेग आणि वेळ. वेळ कॉम्प्युटर आतल्या घड्याळाने मोजायचा, आणि तो सेकंदाच्या दहाव्या भागात, पूर्ण आकड्यांत, १, २, ३ असा सिस्टिम चालू केल्यापासून वाढत जाणारा. सेकंद काढायचे तर त्या आकड्याला एक दशांशने गुणायचं. आणि इथे गडबड. आपल्याला ०.१ एकदम साधा आकडा वाटतो पण बायनरीत तो कधी संपतच नाही, ०.०००११००११००११ असा पुढे चालूच राहतो, आपल्याकडे एक भागिले तीन केलं की ०.३३३ चालू राहतं तसंच. २४ बिटच्या रजिस्टरमध्ये मावेल तेवढा भाग ठेवला आणि पुढचं छाटून टाकलं. छाटलेला भाग किती, तर सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढा. कुणीही म्हणेल जाऊ दे की.

पण तो दर ठोक्याला जमा होत जातो. शंभर तासांत दशांश सेकंदाचे छत्तीस लाख ठोके होतात, छत्तीस लाख गुणिले ०.०००००००९५ करा, उत्तर येतं ०.३४ सेकंद. गाओच्या तक्त्यात हाच आकडा ०.३४३३ सेकंद दिलाय आणि त्यामुळे चौकट ६८७ मीटर सरकली असं दिलंय. त्याच तक्त्यात एक तासाला ७ मीटर, आठ तासांना ५५ मीटर, वीस तासांना १३७ मीटर. म्हणजे सकाळी चालू केलेली बॅटरी संध्याकाळी ठीकठाक, चार दिवस न थांबता चाललेली बॅटरी आंधळी, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोघींत काहीच फरक दिसत नाही. स्क्रीन चालू, दिवे हिरवे, एरर मेसेज नाही. कॉम्प्युटर हँग झाला असता तर खरं तर बरं झालं असतं, कुणीतरी शिव्या घालत तो बंद करून परत चालू केला असता आणि घड्याळ शून्यावर आलं असतं.

आता यात अजून एक गोम आहे जी बऱ्याच वेळा सांगताना गळते. कुणाला वाटेल की घड्याळ मागे पडलं तर पडलं, पण रेंज गेटच्या हिशेबाला एकूण वेळ लागतच नाही, दोन रडार खेपांमधला फरक लागतो, मग दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असतील तर वजाबाकीत चूक निघून जायला पाहिजे. बरोबर आहे, जायला पाहिजे होती. रॉबर्ट स्कील नावाच्या गणितज्ञाने १९९२ मध्येच हे दाखवलं. झालं असं होतं की स्कडचा वेग जास्त म्हणून वेळेचं गणित जास्त अचूक हवं होतं, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक सुधारित रूटीन आणलं गेलं, पण ते जिथे जिथे वेळेचं रूपांतर होत होतं अशा सगळ्या ठिकाणी बसवलं गेलं नाही. काही ठिकाणी नवीन, काही ठिकाणी जुनं. घरातली दोन्ही घड्याळं पाच मिनिटं मागे असतील तर एकात बघून निघालात आणि दुसऱ्यात बघून आलात तरी मधला वेळ बरोबर येतो, त्यातलं एकच कुणीतरी लावून ठेवलं की हिशेब फसतो. इथे अगदी तेच झालं.

जुनं सॉफ्टवेअर पूर्ण जुनं राहिलं असतं तर ही विशिष्ट चूक कदाचित उपद्रव देऊ शकली नसती. पूर्ण सुधारलं असतं तरी नसती. अर्धवट सुधारल्यामुळे ती बाहेर आली. असेंब्ली भाषेतला, वर्षानुवर्षं ठिगळं लावलेला कोड ज्यांनी हाताळलाय त्यांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही, 'सगळीकडे बदललं ना रे' हा प्रश्न विचारणारा माणूस टीममध्ये असावा लागतो आणि घाई असली की तोच माणूस नकोसा वाटतो. आणि घाई तर होतीच, ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला आणि पुढच्या महिन्यांत हे सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बदललं गेलं.

११ ते २६ फेब्रुवारी

इथपर्यंतची गोष्ट तांत्रिक आहे, आणि कॉलेजात न्यूमेरिकल मेथड्स शिकवताना ती इथेच संपवतात. मला खरं प्रकरण इथून पुढे सुरू होतं असं वाटतं.

पॅट्रियट इस्रायलमध्येही होत्या. तिथल्या लोकांनी सिस्टिमला डेटा रेकॉर्डर जोडले होते, म्हणजे आत काय चाललंय याची नोंद ठेवणारं यंत्र. त्या नोंदी तपासताना त्यांना दिसलं की आठ तास सलग चालल्यावर रेंज गेट २० टक्के सरकलेलं असतं. ही माहिती ११ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या पॅट्रियट प्रोजेक्ट ऑफिसला मिळाली.

अमेरिकन बॅटऱ्यांना असे रेकॉर्डर उपलब्ध होते पण ते वापरायचे नाहीत असं ठरलं होतं, कारण रेकॉर्डरमुळे अचानक सिस्टिम बंद पडेल अशी भीती होती. या निर्णयाला नावं ठेवणं सोपं आहे. युद्ध चालू असताना, डोक्यावर कधीही स्कड येईल अशा वेळी, चालू सिस्टिमला अजून एक डबा जोडायला कोण तयार होईल? पण त्याचा परिणाम काय झाला ते बघा, ज्या सिस्टिम सगळ्यात जास्त वेळ सलग चालत होत्या त्यांच्या आत काय होतंय हे बघायला कुणीच नव्हतं. लष्करात यंत्राकडे बंद पडणारं आणि न पडणारं अशा दोनच नजरांनी बघायची सवय असते, तोफेला किंवा ट्रकला ते ठीक आहे, पण सॉफ्टवेअर बंद न पडता चुकतं आणि ते पकडायचा रेकॉर्डिंगखेरीज दुसरा मार्ग नाही.

बरं, माहिती आली. प्रोजेक्ट ऑफिसने ती खोटी म्हणून फेकून दिली नाही, तपासली, चूक मान्य केली आणि सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. १६ फेब्रुवारीला सुधारित व्हर्जन रिलीज झालं. पाच दिवस! आजच्या मानानेही हे वाईट नाही, १९९१ साली तर फारच चांगलं. इंजिनिअर लोकांना यात दोष देता येत नाही.

मधल्या दिवसांतलं वातावरणही लक्षात घ्यायला हवं. १५ फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर या दोन तारखांच्या मध्ये, राष्ट्राध्यक्ष बुश पॅट्रियट बनवणाऱ्या रेथिऑन कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात गेले आणि पॅट्रियटने ४२ पैकी ४१ स्कड अडवली असं त्यांनी जाहीर भाषणात सांगितलं. टीव्हीवर रोज पॅट्रियटचं कौतुक. अशा वेळी 'या सिस्टिममध्ये एक घोळ आहे, सावध राहा' हा निरोप मोठ्या आवाजात द्यायचा म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध पोहणं. कुणी मुद्दाम दाबलं असं मी म्हणत नाहीये, तसा पुरावा नाही, पण निरोपाचा आवाज किती मोठा ठेवायचा हे आजूबाजूच्या हवेवरही ठरतं.

मग आला २१ फेब्रुवारीचा मेसेज, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. प्रोजेक्ट ऑफिसने सगळ्या पॅट्रियट वापरणाऱ्यांना कळवलं की सिस्टिम फार जास्त वेळ चालू ठेवली तर रेंज गेट सरकू शकतं आणि लक्ष्य मधोमध राहणार नाही, सॉफ्टवेअरमध्ये बदल करून पाठवतोय. बस. फार जास्त वेळ म्हणजे किती, ते मेसेजमध्ये नव्हतं.

का नव्हतं? नंतर अधिकाऱ्यांनी सांगितलं की कुणी इतका वेळ सलग चालवत असेल असं आम्हाला वाटलंच नाही, म्हणून जास्त खुलासा केला नाही. युरोपातल्या फिरत्या बॅटरीचं जे गृहीतक डिझाइनमध्ये होतं तेच ऑफिसातल्या लोकांच्या डोक्यातही होतं, कोडमधून ते काढून टाकलं तरी डोक्यातून निघालं नव्हतं.

आणि आकडा काढायला काय अवघड होतं? आठ तासांना २० टक्के सरकतं, हे सरकणं वेळेच्या प्रमाणात वाढतं, ५० टक्के सरकलं की लक्ष्य चौकटीबाहेर जातं. मग किती तासांनी जाईल? वीस तास. शाळेतलं त्रैराशिक. गाओच्या अहवालात हेच गणित आहे आणि त्याला लागणारा सगळा मसाला ११ तारखेला हातात आला होता.

आता स्वतःला धाहरानच्या त्या गाडीत बसवा. एंगेजमेंट कंट्रोल स्टेशन म्हणजे ट्रकवरची बंद खोली, समोर स्क्रीन, तीन शिफ्टमध्ये माणसं बदलताहेत, यंत्र बदलत नाही. मेसेज येतो, फार जास्त वेळ चालवू नका. आपण चार दिवस चालवतोय, हे फार जास्त आहे का? माहीत नाही. बंद केलं आणि तेवढ्यात स्कड आलं तर? जबाबदारी कुणाची? 'सिस्टिम चालू ठेव' हा स्पष्ट हुकूम आहे, 'फार जास्त वेळ' हा सल्ला आहे, शिपाईगडी हुकूमच पाळणार. याउलट मेसेजमध्ये एकच ओळ असती की नवीन सॉफ्टवेअर येईपर्यंत दर बारा तासांनी एकदा रीबूट करा, तर काम संपलं असतं. रीबूटला लागायचे ६० ते ९० सेकंद. सहा बॅटऱ्या होत्या, आळीपाळीने करता आलं असतं, आकाश उघडं पडायचंही फार कारण नव्हतं. पॅच, म्हणजे दुरुस्त सॉफ्टवेअर, नसताना सुद्धा हा उपाय चालला असता आणि त्याला ना विमान लागत होतं ना सॉफ्टवेअरची टेप.

पॅचचं काय झालं ते सांगायचं राहिलं. १६ ला रिलीज झालेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. लष्कराचं स्पष्टीकरण असं की युद्धाच्या धामधुमीत विमानाची आणि पुढे रस्त्याच्या वाहतुकीची सोय करायला वेळ लागला. सॉफ्टवेअर त्या वेळी सामानासारखंच प्रवास करायचं, दारूगोळा, सुटे भाग, पाण्याचे पंप, त्याच रांगेत उभं राहून.

मला यातला विरोधाभास फार बोचतो तो असा. त्याच युद्धात छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या डीएसपी नावाच्या टेहळणी उपग्रहांना स्कडच्या इंजिनाची उष्णता दिसायची, ती माहिती जमिनीवर यायची, तपासली जायची आणि अर्ध्या जगापलीकडे आखातात इशारा पोचायचा, हे सगळं काही मिनिटांत, स्कड हवेत असतानाच. म्हणजे माहिती वेगाने हलवायचं तंत्र लष्कराकडे नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. शत्रूबद्दलची माहिती मिनिटांत हलत होती, स्वतःच्या यंत्राबद्दलची माहिती ट्रकने. कारण पहिलीला 'गुप्तवार्ता' म्हणून मान होता आणि दुसरी 'देखभाल' या खात्यात पडत होती. पैसा कुठे गेला, चांगली माणसं कुठे बसवली, तातडी कशाला दिली, हे सगळं या एका वर्गीकरणावर ठरलं.

पण मग २८ जण ०.३४ सेकंदामुळेच गेले का?

इथे जरा थांबायला पाहिजे, कारण ही गोष्ट सांगताना लोक 'एका राउंडिंग एररने २८ बळी' असं छापून मोकळे होतात. अल्फा बॅटरीला लक्ष्य दिसलं असतं आणि मिसाइल सुटलं असतं तरी ते स्कड नक्की पडलं असतं का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. इराकने पल्ला वाढवलेली ती स्कड, अल हुसेन म्हणायचे त्यांना, खाली येताना बऱ्याचदा आपणच तुटायची आणि गिरक्या घेत यायची, त्यात खरं वॉरहेड, म्हणजे स्फोटकाचा भाग, कुठलं हे ओळखणं पॅट्रियटला जड जायचं. युद्धानंतर लष्कराने स्वतःचेच आकडे खाली आणले, आधी सौदीत ८० टक्के आणि इस्रायलमध्ये ५० टक्के यश म्हणत होते ते ७० आणि ४० वर आले, आणि एमआयटीच्या थिओडोर पोस्टोल यांनी व्हिडिओ तपासून तेही मान्य केलं नाही, खरं यश फारच कमी होतं असा त्यांचा दावा. वाद बराच चालला.

म्हणून मी एवढंच म्हणेन, त्या रात्री धाहरानला जी काही संधी होती ती वापरलीच गेली नाही. आणि ती न वापरण्याचं कारण शत्रूची हुशारी नव्हती, पैशाची कमतरता नव्हती, मागासलेलं तंत्रज्ञानही नव्हतं. चूक सापडली होती, सापडून चौदा दिवस झाले होते.

लष्करात आयटी आणणाऱ्या कुणालाही हे प्रकरण दाखवायचं झालं तर मी कोडची चर्चा दहा मिनिटांत उरकेन आणि उरलेला वेळ २१ तारखेच्या मेसेजवर घालवेन. लिहिणाऱ्याला माहीत होतं, वाचणाऱ्याला कळलं नाही. लिहिणाऱ्याने कधी विचारलं नाही की बाबांनो तुमचं यंत्र आत्ता किती तासांपासून चालू आहे? एक उलट प्रश्न. सहा बॅटऱ्यांकडून सहा आकडे आले असते आणि त्यातला एक बघून ऑफिसात कुणीतरी खुर्चीतून उठलं असतं. खालून वर माहिती मागवायची सोय सिस्टिममध्ये नसेल तर ती माणसाने फोन करून करायची असते, पण त्याला तसं करायचा अधिकार आहे हे कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. नवीन सिस्टिम घेताना करारात तोफेचा पल्ला, रडारची रेंज, अचूकता सगळं असतं, पण बग सापडल्यापासून शेवटच्या तुकडीच्या यंत्रात दुरुस्ती बसेपर्यंत जास्तीत जास्त किती तास, हे कलम असतं का? आणि पॅच येईपर्यंत काय करायचं हे सांगायचं काम कुणाचं, हे?

आज पॅच ट्रकने जात नाही हे खरंय. पण सुरक्षेसाठी बाहेरच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली यंत्रं आजही असतात, त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आजही कुणीतरी हातात घेऊन जातं, आणि चालू मोहिमेत सिस्टिम बंद करून अपडेट करायला आजही कुणी कमांडर आनंदाने तयार होत नाही. त्यामुळे प्रश्न जुना झालाय असं मला तरी वाटत नाही.

पॅट्रियट पुढे खूप बदलली, नवीन मिसाइल आलं, सॉफ्टवेअर नव्याने झालं, आणि २००३ च्या इराक युद्धात ती परत कामाला लागली. या वेळी चूक उलट्या बाजूची झाली. २३ मार्च २००३ ला एका पॅट्रियटने ब्रिटिश हवाई दलाचं टोर्नेडो पाडलं, ते विमान कुवेतमधल्या तळाकडे परत येत होतं, त्यातले दोघेही गेले. नंतर २ एप्रिलला अमेरिकेच्याच नौदलाचं एफ-१८ पाडलं, त्याचा पायलट गेला. मधल्या काळात एका अमेरिकन एफ-१६ च्या पायलटला वाटलं की आपल्यावर रडार लागलंय, त्याने त्या रडारवर मिसाइल सोडलं, ते निघालं पॅट्रियटचं.

टोर्नेडोच्या बाबतीत ब्रिटिश चौकशीत कारणं बरीच निघाली. विमानाची ओळख सांगणारी यंत्रणा बहुधा चालत नव्हती, कॉम्प्युटरने विमानाला रडारवर येणारं मिसाइल समजलं, आणि बॅटरीतल्या लोकांना ठरवायला मिनिटभराचा वेळ मिळाला. त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करून घेतली असती, पण ती बॅटरी त्या दिवशी एकटीच काम करत होती आणि आजूबाजूच्या आकाशाचं पूर्ण चित्र तिच्याकडे येत नव्हतं. कारण तिचा स्वतःचा कम्युनिकेशनचा संच अजून अमेरिकेहून यायचा होता, वाटेत होता.